उधाणाला आलेली बोय

मुलांनो, जंगलातला कोल्हा आणि झाडावरचा कावळा यांच्या गोष्टी ऐकून तुमचे कान किटले असतील. आज आपण जंगल सोडू आणि पाण्याकडे जाऊ.

बाराही महिने ज्याचं पाणी कोमट असतं, अशा एका समुद्रात एक बोय राहत असे. बोय म्हणजे रुपेरी अंगाची, बोथट तोंडाची मासोळी. ही बोय उड्या मारण्यात पटाईत होती, आणि आपण पटाईत आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. त्या समुद्रात दूरवर पोवळ्यांची रांग होती. रांगेच्या अलीकडे उथळ, हिरवंगार पाणी होतं आणि त्याच्याही अलीकडे, किनाऱ्याला, काळा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेला होता. अगदी वरच्या पायरीवर परातीच्या आकाराचं एक तळं होतं. त्या तळ्यात कोवळं शेवाळ नुसतं माजलं होतं. खालच्या पाण्यात रोज शेकडो तोंडं चरत असत, वर मात्र एकही नाही. असं का, हा प्रश्न बोयीला पडला नाही. खाण्याच्या बाबतीत तिला प्रश्न पडतच नसत.

वैशाखातली पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. भर दुपारी समुद्राला मोठं उधाण आलं. पाणी एकेक पायरी चढत थेट तळ्याच्या उंबरठ्यावर आलं आणि लाटा आत सांडू लागल्या. बोयीनं संधी साधली. एका लाटेबरोबर ती आत शिरली आणि शेवाळावर आडवा हात मारू लागली. माशाला हात नसतो हे मलाही कळतं, पण ती खात होती ते बघितलं असतं तर तुम्हीही असंच म्हणाला असता.

"पोट भरलं की लगेच नीघ हो," दोन लाटांच्या मधे उंबरठ्यावरून कुणीतरी म्हणालं.

बोलणारं होतं एक म्हातारं कालव. कालव म्हणजे खडकाला जन्मभर चिकटून राहणारा शिंपल्यातला जीव. हे कालव उंबरठ्याच्या अगदी कडेला होतं, त्यामुळे येणारंजाणारं सगळं पाणी त्याच्या अंगावरून जाई. तळ्यातले सगळे त्याला आजोबा म्हणत, म्हणून आपणही आजोबाच म्हणू.

"एवढी कसली घाई, आजोबा?" बोय तोंडातला घास न गिळताच म्हणाली.

"हे पाणी उतरायच्या आत खाली जा, पोरी. हे उधाणाचं पाणी आहे. याच्यामागून भांग लागेल."

"भांग?" बोय खदखदून हसली. "मला मेलीला केस तरी आहेत का भांग पाडायला?"

आजोबांना हसू आलं नाही. "तो भांग नव्हे, गं. ऐकून तरी घे…"

"भरती दिवसातून दोनदा येते, आजोबा. मी काय कालची आहे? जशी आले तशी जाईन. ही नाही तर पुढची."

'पुढची' हा शब्द ऐकला आणि आजोबांनी शिंपला घट्ट मिटून घेतला. घटकाभरानं पाणी उतरलं, लाटा एकेक पायरी खाली गेल्या, आणि बोय शेवाळाच्या गादीवर पोट टेकून निवांत पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी भरती आली. बोय उंबरठ्याशी तयारच होती. पाणी चढलं, चढलं आणि उंबरठ्याच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. तिथं ते थोडा वेळ डुचमळलं आणि माघारी वळलं.

"आता उडी मार!" आजोबा ओरडले. "चारच बोटं आहेत. पलीकडे पडलीस की घसरत पाण्यात जाशील."

"आणि पोट खरचटून घेऊ? छे! पुढच्या भरतीला नीट वाट होईल."

पुढची भरती वीतभर खाली राहिली. त्याच्या पुढची हातभर. आता मात्र बोय उंबरठ्यापाशी येरझाऱ्या घालू लागली.

"आजोबा, समुद्राला झालंय तरी काय? तो आटतोय की काय?"

"समुद्र नाही आटत. तो पौर्णिमेला आणि अमावास्येला अंग झाडून उठतो, त्याला म्हणायचं उधाण. मधल्या अष्टमी-नवमीला तो आळसावतो. भरती येते, पण अर्ध्या पायऱ्यांवरूनच परत फिरते. त्याला म्हणायचं भांग. हे तळं फक्त उधाणाच्या वाटेवर आहे. आता अमावास्येपर्यंत इथे पाण्याचा थेंब यायचा नाही."

"अमावास्येला अजून किती दिवस?"

"अकरा."

बोयीनं नजर उचलली. वर सूर्य होता आणि तो वैशाखातला होता.

पाचव्या दिवशी तळ्याचं पाणी गुडघाभराचं घोटाभर झालं. कडेनं मिठाची पांढरी रेघ उमटली. पाणी असं तापलं की दुपारी श्वास घ्यायला बोयीला तोंड वर काढावं लागे. तिनं अर्धंअधिक शेवाळ फस्त केलं होतं, आणि जिथलं शेवाळ गेलं होतं तिथला उघडा काळा कातळ चुलीवरच्या तव्यासारखा तापत होता.

"आता उरलेल्याला तोंड लावू नकोस," आजोबा म्हणाले. "ते नुसतं खाणं नाही, या तळ्याचं छप्पर आहे. त्याच्याखालचं पाणी जरा गार असतं."

पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत, असं बोय विचारणार होती. पण पहिल्या दिवशी आपण त्यांना बोलूच दिलं नव्हतं, हे तिला आठवलं. भूक लागलेली असताना जेवणाच्या ताटाखाली लपून बसायचं आणि ताटाला हात लावायचा नाही. करून बघा एकदा, म्हणजे तिच्या जिवाची कल्पना येईल.

त्याच दिवशी बगळा आला. करड्या रंगाचा, उंच मानेचा. तळ्याच्या काठावर येऊन तो एका पायावर उभा राहिला आणि पाण्याकडे बघू लागला. बोय शेवाळाखाली दडली.

"घाबरू नका, बोयताई," बगळा गोड आवाजात म्हणाला. "मी काही करत नाहीये. मी नुसता उभा आहे. काम ऊन करतंय."

अष्टमीच्या दिवशी बोयीचा धीर सुटला. संध्याकाळची भरती आली तेव्हा तिनं तळ्यातून उंच उसळी मारून खाली बघितलं. समुद्र पार तिकडे, अर्ध्या पायऱ्यांच्या खाली चमकत होता. मधे नुसता कोरडा, धारदार कातळ. पण समुद्राचा वास येत होता आणि लाटांचा आवाजही. इतकी जवळ आणि इतकी लांब पाण्याची गाज तिनं कधी ऐकली नव्हती.

तळ्याच्या तळाशी एका कपारीत एक खेकडा राहत होता. स्वभावानं वाईट नव्हता, पण सल्ला द्यायची भारी हौस. तो कपारीतून अर्धा बाहेर आला.

"अगं बये, रडतेस काय? पंधरा पावलं तर आहे समुद्र. मी एका दमात जातो. तो बगळाही बघ, तिकडे तोंड फिरवून उभा आहे. मार उडी आणि चालायला लाग!"

बगळ्यानं खरोखरच तोंड फिरवलं होतं. इतकं फिरवलं होतं की तुम्हां-मला लगेच संशय आला असता. पण ज्याचा श्वास कोंडतो त्याला संशय घ्यायला फुरसत नसते. बोय तळ्याच्या मधोमध गेली. तिनं शेपटी आवळली. अंग ताठ केलं.

"थांब!" आजोबा ओरडले. "खेकडा स्वतःच्या पायांनी मोजतोय. तुझे पाय कुठे आहेत?"

बोय थबकली.

"आज कोण तिथी आहे? अष्टमी. आज भांग आहे, पोरी. आज समुद्र सगळ्यात लांब गेलाय. जायचं तेवढं तो गेला. उद्या तो इथेच असेल, परवापासून बोटबोट परत यायला लागेल. उडी मारायचीच होती तर दुसऱ्या दिवशी चार बोटांवर मारायची होतीस. तेव्हा थांबलीस. आता थांबायचं तर उडी मारतेस?"

"आणि तो परत आलाच नाही तर?" बोय उसळून म्हणाली. "भरती येईल, भरती येईल, म्हणून तर मी इथवर बुडाले! आता पुन्हा त्याच्यावरच भरवसा ठेवू? तुम्हांला काय ठाऊक? तुम्ही तर जन्मात जागचे हलला नाहीत!"

हे लागणारं बोलणं होतं. पण आजोबा शांतपणे म्हणाले, "मला कसं ठाऊक, ते उधाण आलं की सांगेन. ऐकायला जिवंत राहा म्हणजे झालं."

बोयीनं बाहेरच्या चमकत्या पाण्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तिनं उडी मारली असती. ती हळूहळू शेवाळाखाली परत गेली. बगळ्यानं मान सरळ केली आणि नाराजीनं पाय बदलला.

खेकडा खजील झाला होता. पायांची गोष्ट त्याच्या लक्षातच आली नव्हती. बराच वेळ तो नांग्या चोळत बसला आणि मग खाकरून म्हणाला, "माझी कपार तळ्यात सगळ्यात खोल आहे. सावलीही असते. ये आत. पण माझ्या पायांवर पडायचं नाही, आधीच सांगतो."

कपार अरुंद होती. बोयीला अंग मुडपून, शेपटी वाकवून राहावं लागलं. जी बोय सगळ्या समुद्राला आपल्या उड्या दाखवत फिरायची, ती आता एका खेकड्याच्या बिळात सहा दिवस न हलता पडून होती. भूक फारच अनावर झाली की ती बाहेर येऊन शेवाळाचा एक धागा खाई आणि परत जाई. एकच धागा. आजोबा रोज भरतीच्या वेळी उंबरठ्यावरून पाण्याची खबर देत. "आज दोन हातांवर." "आज दीड." "आज हातभर." समुद्र खरंच परत येत होता. पण तळंही रोज बोटबोट आटत होतं, आणि दोघांत आधी कोण पोचणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

द्वादशीला बगळा तळ्यात उतरला. पाणी त्याच्या घोट्यालाही लागत नव्हतं. तो सरळ कपारीपाशी आला आणि त्यानं लांब चोच आत घातली. बोय पाठीमागच्या दगडात घुसू बघत होती. चोच पुढे आली, अजून पुढे आली, तिच्या डोळ्यापुढे उघडली. तेवढ्यात खेकड्यानं आपली मोठी नांगी त्या चोचीवर कचकन मिटली. घर त्याचं होतं ना! बगळ्यानं मान झटकली, झटकली, आणि कशीबशी सोडवून घेतली.

"ठीक आहे," तो काठावर जाऊन म्हणाला. आता त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. "आत नाही तर बाहेर. या तळ्याला एकच दार आहे. तुला कधी ना कधी त्या उंबरठ्यावरून जावंच लागेल." आणि तो उंबरठ्यावर, आजोबांच्या शेजारीच, पाय रोवून उभा राहिला.

अमावास्या उजाडली. बोय सकाळपासून कपारीच्या तोंडाशी होती. दुपारी गाज वाढत गेली. पाणी शेवटच्या पायरीवर चढलं, आणि उंबरठ्याच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं.

थांबलं आणि माघारी गेलं.

"आजोबा, अमावास्या झाली."

"झाली."

"पाणी आलं नाही."

"समुद्र पंचांग बघून येत नाही, पोरी. उधाणाचा खरा जोर एखादा दिवस मागून असतो."

"असतो?"

आजोबांना खोटं बोलता येत नसे. "बहुतेक वेळा असतो," ते म्हणाले.

ती रात्र कशी गेली ते बोयीलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीचा वरचा भाग पाण्याबाहेर उघडा पडला होता. खेकड्यानं तिच्यासाठी स्वतः बाहेर येऊन सगळी कपार मोकळी केली. आज पाणी आलं नाही, तर उद्याच्या भरतीला या तळ्यात बोय नसेल, हे तिघांनाही समजलं होतं. खरं तर चौघांनाही. बगळा चोच घासत होता.

सूर्य माथ्यावर आला आणि समुद्र गरजू लागला. एक लाट पायरीवर आपटली. दुसरी त्याहून वर. आणि मग एक फेसाळ जीभ उंबरठा ओलांडून तळ्यात उतरली. गार पाणी! पंधरा दिवसांनी बोयीच्या कल्ल्यांना गार पाणी लागलं. तिचं सगळं अंग एकदम म्हणालं, जा! आत्ता जा! तिनं आजोबांकडे बघितलं. पण आजोबांच्या अंगावरून पाणी वाहत होतं, त्यांना बोलता येत नव्हतं. आता तिचं तिलाच ठरवायचं होतं.

उंबरठ्यावर बगळा वाकून उभा होता. पहिल्या लाटेत त्याचे पाय बोटभर भिजले होते. एवढ्या पाण्यातून जाणारी मासोळी म्हणजे ताटात वाढलेला घासच. तो तिच्या घाईची वाट बघत होता.

बोय जागची हलली नाही.

दुसरी लाट आली. बगळ्याच्या घोट्यापर्यंत. त्याची मान बाणासारखी मागे गेली, तयार राहिली. बोयीचे कल्ले धाडधाड उघडत-मिटत होते. जन्मभर जी पहिल्या लाटेला निघाली होती, तिनं ही दुसरी लाटही जाऊ दिली. बगळा चिडला. तो तळ्याकडे आणखी वाकला आणि समुद्राकडे त्याची पाठ झाली.

तिसरी लाट उंबरठ्यावर आली ती थेट त्याच्या पोटापर्यंत. त्याचे पाय सुटले, पंख फडफडले, तो कसाबसा हवेत उचलला गेला. आणि लाट माघारी वळली त्या क्षणी बोय कपारीतून सुटली. फेसातून, बगळ्याच्या लोंबत्या पायांखालून, आजोबांच्या शिंपल्याला पोट घासून ती उंबरठ्यापलीकडे गेली. खरचटलं, रक्त आलं, पण खाली खोल, हिरवं, मोठं पाणी होतं.

ती पळून गेली नाही. बगळा लांबच्या खडकावर जाऊन बसल्यावर ती लाटांमधून वर आली आणि उंबरठ्याशी तोंड काढून म्हणाली, "खेकडेदादा, तुमच्या पायांवर पडले असेन तर राग मानू नका हं!" आतून खेकड्यानं नुसती नांगी हलवली.

मग ती आजोबांकडे वळली. लाट ओसरली होती आणि त्यांचा शिंपला केसभर उघडला होता.

"आजोबा, मी जिवंत आहे. आता सांगा, तुम्हांला सगळं कसं ठाऊक? नाहीतर असं करा, माझ्याबरोबरच चला! आज दार उघडं आहे. वाटेत सांगा."

आजोबा हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

"मी टाचणीच्या टोकाएवढा होतो, पोरी, तेव्हा मलाही पोहता येत होतं. सगळा समुद्र हिंडत होतो. असाच एका उधाणाच्या लाटेबरोबर इथे आलो. ही जागा आवडली. म्हटलं, घटकाभर टेकू. पुढच्या भरतीला जाऊ."

बोय त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांचा शिंपला कातळात इतका रुतला होता की कातळ कुठे संपतो आणि आजोबा कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं.

"टेकलो तो चिकटलो," आजोबा म्हणाले. "तेव्हापासून पुढच्या भरत्या मोजतोय. मोजायला दुसरं आहे काय? आता बोलत बसू नकोस. पाणी उतरायला लागलं बघ. नीघ!"

या वेळी बोयीनं 'एवढी कसली घाई' असं विचारलं नाही. ती वळली आणि निघाली.

त्यानंतर दर उधाणाला ती कातळाच्या पायथ्याशी येई आणि त्या कोवळ्या शेवाळाच्या वासानं वर निघालेल्या पोरीबाळींना आडवी जाई. "जा खुशाल," ती म्हणे, "पण आधी सांगा, आज तिथी कोणती?" पोरी खिदळत आणि म्हणत, "आम्हांला काय करायचीय तिथी? पुढच्या भरतीला येऊ की परत!" मग बोय त्यांना आपल्या पोटावरचा वण दाखवी, आणि वर उंबरठ्यावर लाटा अंगावर घेत बसलेल्या आजोबांकडे बोट दाखवी. बोट नसतंच माशाला. पण पोरींना बरोबर कळे.

तात्पर्य : ज्या पाण्यानं आपल्याला आत आणलं, ते आपल्याला परत न्यायला थांबून राहत नाही, म्हणून 'पुढच्या वेळी जाऊ' असं म्हणण्याआधी ती पुढची वेळ केव्हा येते, हे विचारून घ्यावं.